गिलावा वगळून

घर बघायला येणारी माणसं सगळ्यात आधी भिंतीला तळहात लावून बघत. बाहेर रत्नागिरीचा मे महिना, अंगाला चिकटलेले कपडे, कपाळावरून डोळ्यांत उतरणारा घाम. आणि उंबरठा ओलांडला की दोन-चार मिनिटांत पाठ कोरडी. बायका ओढणीने मान पुसत आणि म्हणत, "छान आहे हो घर." उल्हास भाटकर त्यांना पाणी द्यायचा, चारही खोल्या दाखवायचा, परसातली विहीर दाखवायचा, आणि मग जे सांगायलाच हवं ते सांगून टाकायचा.

"भिंती आमच्या आहेत. त्यांच्यावरचा गिलावा कंपनीचा आहे. भाड्याने घेतलेला."

त्यानंतर बहुतेक जण चहासाठी थांबत नसत.

त्यांचंही चूक नव्हतं. अशा घरावर बँका कर्ज देत नव्हत्या. घर तारण घ्यायचं म्हणजे भिंती तारण घ्यायच्या, आणि भिंतींचा वरचा बोटभर थर तिसऱ्याच्याच मालकीचा. त्याचा करार पंचवीस वर्षांचा. घर विकलं तर करार नव्या माणसाच्या नावावर व्हायला हवा, आणि तो करायचा की नाही हे ठरवणार कंपनी. गावातल्या निम्म्या घरांना हाच गिलावा होता. कोकण सोडून घाटावर जायला कितीतरी लोक तयार होते, पण त्यांची घरं त्यांना सोडत नव्हती.

गिलावा नवीन आला तेव्हा मात्र लोकांनी रांगा लावल्या होत्या. त्याआधीचे दोन उन्हाळे फार वाईट गेले होते. किनाऱ्यावर माणसं मरत होती ती नुसत्या उष्णतेने नव्हे, दमटपणाने. शरीर स्वतःला थंड ठेवतं ते घाम गाळून नाही, तो घाम वाळल्यामुळे. हवेत आधीच मावेल तेवढी वाफ असेल तर घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. थर्मामीटरच्या फुग्याभोवती ओलं फडकं गुंडाळून मोजलेलं तापमान पस्तीस अंशांच्या जवळ गेलं, की सावलीत, पंख्याखाली, काही न करता बसलेला धडधाकट माणूससुद्धा आतून तापत जातो. म्हातारी आणि आजारी माणसं त्याच्या बरीच आधी जातात.

'निरार्द्र' नावाच्या कंपनीने यावर एक भुकटी काढली. धातूचे अणू आणि सेंद्रिय रेणू यांची ती जाळी. इतकी सच्छिद्र, की चमचाभर भुकटीतली सगळी छिद्रं उलगडून पसरली तर फुटबॉलचं मैदान झाकलं जाईल. ही जाळी हवेतली वाफ ओढून घेते. ती गिलाव्यात मिसळायची, गिलाव्यात बारीक नळ्या पुरायच्या, आणि छपरावर उन्हात तापलेलं तेल त्या नळ्यांतून फिरवायचं. एक भिंत वाफ शोषत असताना दुसरी तापवून कोरडी केली जाते आणि तिच्यातली वाफ झडपांमधून घराबाहेर सोडली जाते. विजेचा खर्च नावापुरता. कोणती भिंत कधी वाळवायची हे ठरवणारी एक लहानशी पेटी दिवाणखान्यात असते, एवढंच.

दोन गोष्टी लोकांच्या उशिरा लक्षात आल्या. एक म्हणजे, कोकणातली घरं जांभ्या चिऱ्याची. हा दगड स्पंजासारखा. गिलावा त्यात मुरत जातो. खरवडून काढायचा तर भिंतच पाडावी लागते. आणि दुसरी, वाळवण थांबलं तर जाळी काही तासांत भरते, आणि भिंत दुपारी तापली की साठलेलं सगळं पाणी घरातच परत सोडते. गिलावा बंद पडलेलं घर साध्या घरापेक्षा वाईट.

उल्हासला घर विकायचं होतं ते मेधासाठी. त्याच्या बायकोला कंपवात होता. त्या आजारात शरीराला स्वतःचं तापमान सांभाळता येत नाही; वर्षातले आठ महिने ती उंबऱ्याबाहेर पडू शकत नव्हती. त्यांची मुलगी इरा वडूजला जनावरांची डॉक्टर होती. "इकडे ऊन आहे, बाबा, पण घाम वाळतो," ती दर वेळी सांगायची. "आई अंगणात बसू शकेल. तू एकटा किती दिवस उचलणार तिला?" इराच्या घराशेजारी दोन खोल्या मिळत होत्या. उल्हासने बाजारपेठेतलं चष्म्याचं दुकान आधीच बंद केलं होतं. रत्नागिरीचं घर विकलं की तिकडच्या खोल्या घ्यायच्या, एवढंच राहिलं होतं.

तन्मय मयेकर आला तेव्हा त्याच्याबरोबर त्याची आई होती, शरयू. हृदय कमजोर असलेली, बारीक, चार पावलं टाकली की थांबणारी बाई. तन्मय मिरकरवाड्याच्या बर्फाच्या कारखान्यात मेकॅनिक होता. दोघं पत्र्याच्या छपराखाली राहत होती. मागचा उन्हाळा आईने ओल्या चादरींत काढला आणि हा निघणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. वडिलांचा ट्रॉलर विकून त्याने पैसे उभे केले होते, त्यामुळे बँकेचा प्रश्न नव्हता.

शरयू भिंतीला हात लावून बघायला गेली नाही. खुर्चीत बसली, डोळे मिटले, आणि बराच वेळ नुसता श्वास घेत राहिली.

"गिलाव्याचं ऐकलं ना तुम्ही?" उल्हासने विचारलं.

"ऐकलं, काका," तन्मय म्हणाला. "मला दुसरीकडे कुठे जायचंय?"

कंपनीने करार बदलायला नकार दिला. फोनवरची मुलगी नम्र होती. अर्जदाराच्या घरात दिवसभर एक हृदयरुग्ण असणार, तिच्यासाठी रात्रंदिवस वाळवण चालवावं लागेल, यंत्रणेवर भार जास्त पडेल. तन्मय मयेकर या घराला पात्र ठरत नाहीत.

"माझी बायकोही आजारीच आहे," उल्हास म्हणाला.

"तुमचा करार त्या आजारी पडण्याच्या आधीचा आहे, सर. तो आम्ही मोडणार नाही." मग तिने जरा आवाज उतरवला. "नाव तुमचंच ठेवा. जुन्या करारात धारक घरात राहत असला की पुरतं, बाकी कोण राहतं याची अट नाही. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा. बऱ्याच जणांचं होतं."

'घरात राहत असला की' हे कंपनी कागदावर बघत नव्हती. माणसाच्या उच्छ्वासात वाफेबरोबर शेकडो वायुरूप द्रव्यं असतात, आणि त्यांचं प्रमाण माणसागणिक वेगळं असतं. कोणत्या खोलीत कोण आहे हे ओळखून वाळवण कमी-जास्त करावं, यासाठी ते पेटीला शिकवलं होतं. करार लिहिणाऱ्यांनी त्याचा दुसरा उपयोग शोधला. धारकाचा श्वास घरातून सलग दोन दिवस हरवला, की पेटी वाळवण थांबवते.

"म्हणजे घर विकलं," मेधा शब्द जुळवत म्हणाली, "आणि घराबरोबर तूही गेलास."

"वर्षाचा प्रश्न आहे. मध्ये येऊन जाईन की मी."

मेधाने मान हलवली. ती मान नेहमीच हलायची, त्यामुळे तो होकार होता की काय, हे कळलं नाही.

खरेदीखत वाचून दाखवताना निबंधक कार्यालयातला माणूस एका ओळीवर अडखळला: 'सदर घर, विहीर, परस व त्यातील झाडे यांसह, भिंतींवरील गिलावा वगळून.' त्याने चष्म्यावरून उल्हासकडे बघितलं, आणि पुढे वाचू लागला.

मेधा वडूजला गेली. उल्हास मागच्या खोलीत राहू लागला. सुरुवातीला तो आपल्याच घरात पाहुण्यासारखा वावरायचा. स्वयंपाकघरात जाताना दारावर टकटक करायचा. शरयूनेच ते मोडून काढलं. "भाऊ, चहा तुम्ही करा," ती म्हणाली. "मला उभं राहवत नाही आणि तन्मयचा चहा पिववत नाही." मग संध्याकाळचा चहा रोजचाच झाला. चहाच्या वेळी उल्हास मेधाला फोन लावायचा, आणि थोड्याच दिवसांत फोन त्याच्या हातातून शरयूकडे जायला लागला. त्या दोघी भेंड्या खेळत. मेधाला शब्द यायला वेळ लागायचा. इराही कधीकधी मध्येच ओळ पुरी करून टाकायची. शरयू कधी करायची नाही. डोळे मिटून थांबून राहायची, फोनमधून येणारा तो अडलेला श्वास ऐकत. दोघी एकमेकींना कधीच प्रत्यक्ष भेटल्या नव्हत्या असं नाही. घर दाखवताना एकदा भेटल्या होत्या. पण मैत्री झाली ती फोनवरच.

महिन्यातून एकदा उल्हास पहाटेच्या गाडीने वडूजला जायचा आणि दुसऱ्या दिवशी परतायचा. पुढच्या वर्षीचा अर्ज नाकारला गेला. कारण तेच. त्याच्या पुढच्या वर्षीचाही. तन्मयने रागाने वकील गाठला. वकिलाने करार वाचला आणि फी घेतली नाही.

"तुम्ही अडकलात आमच्यामुळे," एकदा तन्मय म्हणाला.

"तू पैसे मोजलेस. मी घर पूर्ण दिलं नाही," उल्हास म्हणाला. "अडकलो ते दोघंही."

तिसऱ्या मे महिन्यात हवा हललीच नाही. समुद्र तापून बसला होता. नगरपालिकेने ओल्या उष्म्याचा लाल इशारा दिला. शाळांच्या सभागृहांत थंडावा केंद्रं उघडली. इस्पितळांना बर्फ लागत होता, तन्मयच्या पाळ्या लांबत गेल्या. त्यातच एका सकाळी इराचा फोन आला.

"बाबा, आईला ठसका लागला आणि अन्न फुफ्फुसात गेलंय. न्यूमोनिया आहे. कराडला आणलंय. तू निघ."

तन्मय त्या वेळी कामावर जायच्या तयारीत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. "जा, काका. दोन दिवस आहेत तुमच्या हातात. त्याच्या पलीकडे राहावं लागलं तर मला कळवा फक्त. वाळवण थांबल्याचा मेसेज तुमच्याच फोनवर येतो. मी आईला केंद्रात हलवतो. शीतकोठीत असलो तर माझा फोन लागत नाही, म्हणून हा ऑफिसचा नंबर."

"त्या केंद्रात मी जाणार नाही," शरयू आतून म्हणाली. "मागच्या वेळी जमिनीवर निजवलं होतं मला. तीनशे माणसं एका हॉलमध्ये. भाऊ, तुम्ही या जाऊन. मेधाला म्हणावं, भेंडी तिच्यावर आहे."

इस्पितळात मेधा ओळखू येत नव्हती. तोंडावर प्राणवायूचा मुखवटा, छाती भात्यासारखी. उल्हासने तिच्या हाताला हात लावला तर तिने त्याच्या शर्टाची कड मुठीत पकडली आणि सोडली नाही. तिच्या आजारात मूठ एकदा वळली की उघडायला वेळ लागतो, हे त्याला माहीत होतं. तरी त्याला ते पकडणंच वाटलं. डॉक्टर म्हणाले, येते दोन दिवस महत्त्वाचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने निघायला हवं होतं. रत्नागिरीची गाडी सुटायच्या वेळी तो पलंगाशेजारीच बसून होता. इराने एकदा घड्याळाकडे आणि एकदा त्याच्याकडे बघितलं.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला फोनवर अक्षरं उमटली: 'धारक अनुपस्थित. वाळवण स्थगित.'

तो बाहेर कॉरिडॉरमध्ये आला. तन्मयचा फोन लागला नाही. त्याने खिशातून ऑफिसचा नंबर काढला आणि आकडे दाबायला लागला, तेवढ्यात फोन वाजला. शरयू होती.

"भाऊ, मेधा कशी आहे?"

"तशीच. ताप उतरत नाही." मग त्याने विचारलं, "भिंती?"

"चालू आहेत की. मस्त कोरडं आहे. मी शाल घेऊन बसलेय." दोन शब्दांमध्ये तिचा श्वास अडकत होता. "तुम्ही तिथून हलू नका. आणि तन्मयला उगाच घाबरवू नका. तो मला उचलून त्या हॉलमध्ये नेऊन टाकेल. ऐकताय ना?"

"ऐकतोय."

"मग झालं तर."

फोन बंद झाला. मेसेज पडद्यावर तसाच होता. पेटी चुकत नाही आणि शरयूताई खोटं बोलतायत, हे त्याला स्वच्छ कळलं होतं. ऑफिसचा नंबर हातात होता. पण कारखान्यात फोन लागला असता, तन्मय शीतकोठीतून बाहेर आला असता, तर केंद्रात जागा आहे की नाही हे विचारायच्या आधी त्याने एकच विचारलं असतं: काका, तुम्ही कधी निघताय? त्या प्रश्नाचं उत्तर उल्हासकडे नव्हतं. आतून इराने हाक मारली. मेधाने डोळे उघडले होते. त्याने फोन खिशात टाकला आणि तो आत गेला.

सलग दोन पाळ्या करून तन्मय घरी पोचला तेव्हा दिवस मावळत होता. भिंतींवरून पाणी उतरत होतं. शरयू दिवाणखान्यात खुर्चीत होती, खिडकीकडे तोंड करून, पंखा चालू. शाल नव्हती.

मेधाचा ताप त्याच रात्री उतरला.

उल्हास रत्नागिरीला पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. दार उघडंच होतं. आतली हवा अजून जड, ओल्या चुन्याचा वास, फरशीवर टॉवेल पसरलेले. तो दोन पावलं आत आला आणि भिंतीतल्या नळ्या टिकटिकल्या. तेल फिरायला लागलं होतं. पेटीने त्याला ओळखलं होतं. तन्मयनेही तो आवाज ऐकला. तो जमिनीवर भिंतीला टेकून बसला होता, पाठ ओली.

"मेसेज आला होता?" त्याने विचारलं.

"आला होता. दुपारी."

"मला फोन केलात?"

"केला. लागला नाही."

"ऑफिसला?"

"नाही."

तन्मयने बाजूला पडलेला आईचा फोन उचलला. "हिने तुम्हाला फोन केलेला दिसतोय. त्याच दुपारी."

"त्या म्हणाल्या, भिंती चालू आहेत."

"आणि तुम्हाला ते खरं वाटलं."

उल्हासला हो म्हणता आलं असतं. "नाही वाटलं," तो म्हणाला.

 मग तन्मय उठला, टॉवेल गोळा करून मोरीत घेऊन गेला, आणि आत त्याने नळ मोठा सोडला. तो कितीतरी वेळ तसाच वाहत राहिला.

उल्हास मागच्या खोलीतच राहिला, कारण तो गेला असता तर घर पुन्हा पाझरलं असतं.  उल्हास सकाळी चहा करून एक कप ओट्यावर झाकून ठेवायचा. संध्याकाळी तो तसाच गार झालेला असायचा. दिवसकार्य झाल्यावर तिसऱ्या दिवशी कंपनीकडून कळवलं गेलं की, घरातील श्वासांचं फेरमोजमाप झालं असून भार मर्यादेत आला आहे, आणि तन्मय मयेकर आता धारक होण्यास पात्र आहेत. कुणी अर्ज केला नव्हता. एक श्वास कमी झाल्याचं पेटीनेच कळवलं होतं.

तन्मयने ते दोनदा वाचलं. उल्हासला वाटलं, तो पेटी उपटून फेकून देईल. पण तन्मयला त्याच घरात राहायचं होतं; बापाचा ट्रॉलर त्या भिंतींत गेला होता, आणि आता आईही. तो पेटीसमोर उभा राहिला आणि तिच्या जाळीवर तीनदा श्वास सोडला. मग बाजूला झाला. उल्हासनेही एक सोडला, करार सोडत असल्याची खूण म्हणून. त्याचं नाव निघाल्याचा बारीक आवाज झाला.

"सामान कधी नेताय?" तन्मयने विचारलं.

"आजच."

"पिशवी जड असली तर स्टँडपर्यंत येतो." मग तो म्हणाला, "नाही. नकोच. तुम्ही एकटेच जा, काका."

उल्हास वडूजला पोचला तेव्हा मेधा अंगणात आरामखुर्चीत बसलेली होती. माळावरून गरम, कोरडा वारा येत होता आणि तिच्या कपाळावर घामाचा थेंबही नव्हता. आजारपणानंतर तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. जरा बळ येऊ दे, मग बघू, असं इरानेच ठरवलं होतं. शरयूताईंचा फोन का येत नाही असं तिने विचारलं, तेव्हा इराने रेंजचं कारण सांगितलं होतं.

"परत कधी जायचंय?" मेधाने विचारलं.

"नाही जायचं आता. तन्मयच्या नावावर झालं."

तिला हे समजायला थोडा वेळ लागला. मग तिचा चेहरा उजळला. आजाराने घट्ट केलेल्या त्या चेहऱ्यावर हसू यायला फार वेळ लागायचा, आणि ते आलं. "शेवटी... शहाणपण आलं म्हणायचं कंपनीला," ती म्हणाली. "शरयूताईंना केवढं बरं वाटलं असेल. लाव त्यांना फोन."

इरा चहा घेऊन दारात आली होती. ती तिथेच थबकली, आणि बापाकडे बघून तिने मान नकारार्थी हलवली. आत्ता नको.

उल्हासने स्टूल ओढलं आणि तो मेधाच्या समोर बसला.

"शरयूताई गेल्या, मेधा. तू कराडला होतीस तेव्हा," तो म्हणाला. "कशा गेल्या ते तुला दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा मीच सांगतो. त्या दुपारी मला मेसेज आला होता."

मेधाचा थरथरता हात त्याच्याकडे पुढे आला. त्याने तो धरला नाही. सगळं सांगून झाल्यावर तिने पुन्हा पुढे केला, तरच धरायचा, असं ठरवून तो बोलत राहिला.